सगळे जनरेटर बंद

"पाठ लाव, म्हातारे. पाय त्या कपाटाला टेकव आणि जोर दे."

"लावलीय पाठ. तू बोलू नकोस, तुझा सगळा जोर तोंडातूनच जातोय."

तोरिबिओ आणि एर्मिनिया, नवराबायको, दोघंही सत्तरीला टेकलेले, दाराला पाठ लावून फरशीवर बसले होते. बाहेरून चक्रीवादळ दार ढकलत होतं. दार आत येऊ बघायचं, मग कोणीतरी ओढून घेतल्यासारखं बाहेर फुगायचं, परत आत. सकाळचे अकरा वाजले होते. खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांच्या फटीतून येणारा उजेड राखेच्या रंगाचा होता. मागच्या स्वयंपाकघराचे पत्रे खिळ्यांतून एकेक सुटताना ऐकू येत होते. प्रत्येक पत्रा जाताना किंकाळी फोडल्यासारखा आवाज करून जात होता.

एर्मिनियाच्या नाकात नळी होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मांडीवर, तान्हं मूल घ्यावं तसा, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता. एरवी ती विजेवरच्या मशीनवर जगायची. ते मशीन हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून तिला द्यायचं आणि रात्रंदिवस कोपऱ्यात घरघरत असायचं. वीज पहाटेच गेली. जाताना मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि ते गप्प झालं.

"दोन लिटरवरून दीडावर आणू?" तोरिबिओने सिलिंडरच्या चावीकडे बोट केलं.

"आण. बसूनच तर आहे."

त्याने चावी फिरवली. तिने डोळे मिटून नवा हिशेब छातीला शिकवला. एकतीस वर्षं तिने खाली शहराजवळच्या कारखान्यात बायकांच्या ब्रेसियर शिवल्या होत्या. बंद खिडक्या, शंभर यंत्रं, आणि हवेत तरंगणारं कापडाचं तूस. मालकांची करमाफी संपली तसा त्यांनी कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेला. यंत्रं नेली, पंखेसुद्धा नेले. तूस मात्र तिच्या छातीत ठेवून गेले.

"कधी येईल रे वीज?"

तोरिबिओ चौतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होता. पोर्तो रिकोच्या या डोंगराळ भागातला खांब न खांब त्याच्या पायाखालून गेलेला. मागच्या प्रत्येक वादळात या प्रश्नाला त्याने ताडकन उत्तर दिलं होतं. तीन दिवस, आठ दिवस, फार तर पंधरा.

"खांब मोजल्याशिवाय कसं सांगू," तो म्हणाला.

त्यावरून ती समजली, तो घाबरलाय.

दुपारी चारला वारा पडला. तोरिबिओ दार उघडून बाहेर गेला. डोंगराला पान राहिलं नव्हतं. हिरवा डोंगर एका दिवसात भाजून काढल्यासारखा तपकिरी झाला होता, आणि आजवर झाडांनी झाकलेली एकमेकांची घरं आता लोकांना उघडीवाघडी दिसत होती. पुलापासून प्रार्थनामंदिरापर्यंत वस्तीला सात खांब होते. तो अर्ध्या तासाने परत आला, चिखलाचे बूट न काढताच स्टुलावर बसला.

"पाच पडले," तो म्हणाला. मग उठून त्याने पलंगामागून जनरेटर ओढून काढला.

*

पेन्या ओन्दा वस्ती दोन डोंगरांच्या खोबणीत वसलेली. एकतीस घरं. तिसऱ्या आठवड्यात रस्ता मोकळा झाला तेव्हा मदतीची खोकी आली. त्यात डबाबंद सॉसेज होते, गोळ्या-चॉकलेटं होती आणि दात घासायचे ब्रश होते. पेट्रोलसाठी तोरिबिओ पंपावर सहा-सहा तास रांगेत उभा राही. जनरेटर चोरीला जाऊ नये म्हणून त्याने तो मागच्या खिडकीखाली साखळीने बांधला होता, आणि मशीनची वायर सरळ त्याला जोडली होती. घराच्या वायरिंगशी तिचा संबंध नव्हता. एकतीस घरांत बावीस जनरेटर होते. सगळे एकदम चालू असले की खोबणीत असा आवाज कोंडायचा, की कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. बॅटरीच्या रेडिओवर सरकारी साहेब सांगायचे, परिस्थिती वेगाने सुधारते आहे. कुठली परिस्थिती, ते सांगत नसत. ज्यांच्या घरी वीज होती त्यांचीच सुधारत असावी.

चाळिसाव्या दिवशी कंपनीचा एक तरुण अधिकारी आला. पांढरा शर्ट, हातात कागद. पुलापर्यंतची मुख्य लाइन तेव्हा चालू झाली होती. पुलावर उभं राहिलं की पलीकडच्या पेट्रोलपंपाचे दिवे दिसायचे. अधिकाऱ्याने वस्तीतले मीटर मोजले आणि मान हलवली.

"एकतीसच आहेत. जिथे मीटर जास्त, तिथे आधी. तुमचा नंबर मार्चमध्ये लागेल."

एर्मिनिया नळी ओढत दारापर्यंत आली. "मार्चपर्यंत मी श्वास रोखून धरू का, बाळा?"

"तुमचं नाव यादीत आहे, आजी."

"कुठल्या?"

"मशीनवर असलेल्या पेशंटच्या."

"मग?"

अधिकाऱ्याने खरंच विचार केला. "मग काही नाही. यादीत आहे."

तो गेल्यावर तोरिबिओने खिळ्यावरून आपला कमरेचा चामडी पट्टा काढला आणि त्याला तेल चोळत बसला. निवृत्त होऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. एक गुडघा नीट वाकत नव्हता.

"तू चढणार?" तिने विचारलं.

"तू चढतेस?"

पुढे महिनाभर सगळी वस्ती राबली. पडलेले खांब दोर लावून उभे केले. दुकानदार बाल्तासारचा ट्रक ओढायला घेतला. तारा दरीतून वेचून आणल्या. माणसं तोरिबिओला परत 'मेस्त्रो' म्हणू लागली. उस्तादाला म्हणतात तसं, तो निवृत्त व्हायच्या आधी म्हणायची तसं. तो पन्नाशीतल्यासारखा चालू लागला. एर्मिनिया खिडकीतून बघायची. तिला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची, आणि दोन्ही एकाच जागी, छातीत.

डिसेंबरच्या मध्यावर एकच काम उरलं. सातही खांबांवर चढून तारा जोडायच्या आणि शेवटी पुलावर लांब काठीने फ्यूज चढवायचा.

आदल्या संध्याकाळी त्याने प्रार्थनामंदिरापुढे सगळ्यांना उभं केलं.

"उद्या नऊ वाजल्यापासून एकही जनरेटर चालणार नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी घरातल्या प्लगमध्ये जनरेटर खुपसलेत, मला माहितीय. मेन स्विच कोण पाडतो, कोण नाही, देवाला ठाऊक. तो करंट तुमच्या घरातून उलटा खांबावर येतो. वरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो हजारो व्होल्टचा होतो. आणि तिथं मी असतो."

"तार जमिनीला बांधून काम करतात ना, मेस्त्रो, करंट जमिनीत उतरावा म्हणून?" कोणीतरी म्हणालं.

"करतात. ती सामग्री कंपनीने माझ्याकडून जमा करून घेतली. घड्याळ दिलं बदल्यात."

थोडे हसले.

"म्हणून मी कानाने काम करणार. प्रत्येक खांबावर चढलो की आधी ऐकणार. खोबण गप्प पाहिजे. एक जरी घरघरला, तर मी खाली."

"आणि तुझ्या घरचा?" बाल्तासारने विचारलं.

तोरिबिओचं घर साधारण वस्तीच्या मध्यात, पाचव्या खांबाखाली. त्याचा जनरेटर चालू असता तर दुसरा कुठला चालू आहे हे देवालाही कळलं नसतं.

"माझाही बंद," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो एर्मिनियाकडे न बघता बोलला. "अडीच तासांचं काम आहे. सिलिंडर तीन तास जाईल."

"वादळात वापरलाय तो."

"ते धरूनच सांगतोय."

"जा मग. नाहीतर मार्चपर्यंत त्या कागदवाल्याची वाट बघत बसू."

नेस्तोरबद्दल दोघांनीही काही काढलं नाही. नेस्तोर तोरिबिओचा जोडीदार होता. वीस वर्षांपूर्वीच्या वादळानंतर तो खांबावर असताना कोणाच्या तरी घरातून उलटा करंट आला. ते घर कुठलं, हे शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. पुरताना त्याला घालायचा शर्ट एर्मिनियाने शिवला होता. बाह्या दोन्ही बाजूंनी उसवून परत टाके घालावे लागले होते, कारण हात सरळ होत नव्हते.

*

सकाळी नऊला जनरेटर एकेक करून थांबले. शेवटचा तोरिबिओने स्वतःचा थांबवला आणि मशीनची वायर काढून घरातल्या प्लगमध्ये लावून ठेवली. मग जी शांतता पडली ती ऐकून एर्मिनिया दचकली. ओढा वाहत होता. कोणीतरी खोकलं, तेही वरच्या आळीत. ऐंशीहून जास्त दिवस ती हे विसरली होती.

कासिल्दा सोबतीला आली होती. तिच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा एर्मिनियाच्या मांडीवर झाला, तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाय' म्हणत. कासिल्दाने केळी उकडून आणली होती आणि तोंड आणलं होतं, ते सोबतीला पुरेसं होतं.

"माझ्या नवऱ्याला खांबावर चढवला तर तो तिथेच झोपेल. तुझा बघ, माकडासारखा गेला."

"म्हाताऱ्या माकडासारखा."

"माकड ते माकडच, कोमाय."

पहिला, दुसरा, तिसरा खांब. एर्मिनिया खिडकीतून बघत होती. चढला की तो हात थांबवायचा, डोकं वाकडं करायचा, ऐकायचा. मग कामाला लागायचा. सिलिंडरचा काटा हिरव्यात होता. पण जनरेटर बंद झाल्यापासून तिचा श्वास नकळत भराभर चालला होता. कोणीतरी बघतंय म्हटल्यावर माणूस भराभर जेवतो तसा.

साडेदहाला तो चौथ्या खांबावर होता. त्याने डोकं वाकडं केलं. आणि तसाच राहिला.

"काय झालं?" कासिल्दा म्हणाली.

एर्मिनियानेही ऐकलं. लांबून, गोधडीखालून आल्यासारखी, एक घरघर.

तो उतरला. त्या गुडघ्याने, एकेक पाय टेकत. खोबणीत आवाज दोन्ही डोंगरांवर आपटून फिरतो, कुठून येतो कळत नाही. तो आधी वरच्या आळीत गेला. तिथल्या बाईने शपथा घेतल्या आणि त्याला चार शब्द सुनावले. मग तो प्रार्थनामंदिरामागे गेला. मग खाली. सव्वाअकराला सापडलं. बाल्तासारच्या दुकानामागे जनरेटर चालू होता, त्यावर आवाज दाबायला ओली गादी टाकली होती. दुकानाच्या फ्रीझरमध्ये नाताळचं डुक्कर होतं. सगळ्या वस्तीने मिळून घेतलेलं, कापून ठेवलेलं. सगळ्यांना माहीत होतं ते तिथं आहे. ते टिकायला हवं, हेही सगळ्यांना माहीत होतं. आणि त्यासाठी वीज लागते, हे न कळायला कोणी लहान नव्हतं. सकाळी नऊला कोणी विचारलं नाही, डुकराचं काय. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

तोरिबिओ परत चौथ्या खांबावर चढला तेव्हा पावणेबारा झाले होते. सिलिंडरचा काटा लाल पट्टीच्या कडेला आला होता.

"मी जाऊन सांगते त्याला," कासिल्दा उठली.

"बस."

"कोमाय, काटा बघ."

"सांगितलंस तर तो घाई करेल. घाईत त्याचा हात चुकतो. स्वयंपाकघराचे पत्रे त्याने घाईत ठोकले होते, बघ गेले ना."

कासिल्दा बसली.  एर्मिनियाने चावी एकावर आणली. मग अर्ध्यावर. बारा वाजून दहा मिनिटांनी नळीतून येणारी बारीक झुळूक थांबली. काटा शून्यावर जाऊन टेकला. तोरिबिओ तेव्हा पाचव्या खांबावर होता, खिडकीतून बरोबर समोर, इतका जवळ की त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते.

थोडा वेळ काही झालं नाही. मग हवा जाड झाली. आत घ्यावी तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. एर्मिनियाने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, खांदे वर उचलले, ओठ शिटीसारखे केले. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं. हवा आत कमी गेली तरी चालेल, बाहेर हळू सोडायची. तिने आतल्या आत एक शिवण घातली. पट्टा, हूक, काठ. परत पट्टा. कारखान्यात दिवसाला चारशे नग व्हायचे. आत्ता एकेक करायचा.

कासिल्दा मागच्या खिडकीशी गेली. जनरेटरची ओढायची दोरी तिथे खाली लोंबत होती.

"मी वायर जोडून सुरू करते. पाच मिनिटं. तो उतरेल, श्वास तरी घेशील."

एर्मिनियाने मान हलवली.

"तू मेलीस तर तो मला फाडून खाईल, कळतंय का?"

"तो," एर्मिनिया म्हणाली. मग थांबली. "वर आहे."

"आहे तर उतरेल."

"परत... चढेल. परत... कोणीतरी... गादी टाकेल."

तिने कासिल्दाचा झगा मुठीत धरला. शिवणकाम केलेली मूठ होती, सुटली नाही. कासिल्दा तिच्यापुढे फरशीवर गुडघे टेकून बसली आणि रडू लागली, पण तेही आवाज न करता, कारण खोबण गप्प ठेवायची होती.

सहावा खांब खिडकीतून दिसत नव्हता. सातवाही नाही. मग पुलापर्यंत चालत जायचं, त्या गुडघ्याने. एर्मिनियाच्या नखांखाली निळं चढलं. भिंतीच्या कडा वितळायला लागल्या. तिला राग आला, आणि राग आल्याचं बरं वाटलं. राग धरून ठेवता येतो. तिने त्या पांढऱ्या शर्टाला धरलं, साहेबाच्या आवाजाला धरलं, मालकाने काढून नेलेल्या पंख्यांना धरलं. एकेकाला धरून ती एकेक श्वास पुढे सरकली.

बारा पन्नासला डोक्यावरचा दिवा लागला. कोपऱ्यात मशीनने शिट्टी मारली आणि ते घरघरलं. बाहेर एकतीस घरं एकदम ओरडली. कासिल्दाने नळी मशीनला खोचली, चावी पाचावर नेली, आणि एर्मिनियाचं डोकं छातीशी धरून बसली.

लोकांनी तोरिबिओला खांद्यावर उचललं होतं. त्यांना झटकून तो घरात आला तेव्हा एर्मिनिया खुर्चीत बसलेली होती, केस नीट केलेले, चावी परत दोनावर.

"झालं," ती म्हणाली.

तो सिलिंडरजवळ गेला. आयुष्यभर काटे वाचलेला माणूस. "कधी संपला?"

"आत्ताच," कासिल्दा म्हणाली. "तू येण्याआधी थोडासाच."

त्याने एर्मिनियाचा हात उचलला, उजेडात धरला आणि नखं बघितली. मग हात तिच्या मांडीवर परत ठेवला, काचेची वस्तू ठेवावी तसा, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

थोड्या वेळाने बाल्तासार आला. टोपी हातात होती. "मेस्त्रो, डुक्कर सगळ्यांचं होतं."

तोरिबिओने त्याच्याकडे बघितलं नाही.

*

वीज सहा दिवस टिकली. सातव्या दिवशी पाऊस झाला, उतार घसरला, तिसरा खांब कलला आणि तार तुटली. मशीनने शिट्टी मारली. तोरिबिओ उठला, मागच्या खिडकीखाली जाऊन त्याने मशीनची वायर परत जनरेटरला जोडली आणि दोरी ओढली.

दुपारी वस्ती अंगणात जमली. जनरेटर चालूच होता, त्यामुळे जे हळू बोलायचं तेही ओरडून बोलावं लागत होतं. एर्मिनिया आत खुर्चीत बसून ऐकत होती.

"एकच खांब आहे, मेस्त्रो. दोन तासांचं काम."

"सिलिंडर नाही," तोरिबिओ म्हणाला. "दवाखान्यात विचारून आलो. नवीन वर्षात बघू म्हणाले."

"तिला आम्ही दवाखान्यात नेऊन बसवू."

"दवाखान्यातला जनरेटर महिनाभर बंद आहे. सिलिंडरशिवाय वाटेत कशावर नेणार, आणि तिथं कशावर बसवणार?"

"या वेळी कोणी चालू करणार नाही. माझी शपथ," बाल्तासार म्हणाला.

"माझा चालू राहणार."

"मग तू ऐकणार कसं?"

"ऐकणार नाही. चढणारही नाही."

 मग मागून एक बाई म्हणाली, आवाज चढवून, कारण चढवल्याशिवाय पोचत नव्हता, "म्हणजे एका बाईसाठी एकतीस घरं अंधारात."

"हो," तोरिबिओ म्हणाला.

लोक लगेच गेले नाहीत. काहीतरी अजून येईल म्हणून थांबले. ते आलं नाही तेव्हा निघाले. कासिल्दा त्यांच्यात होती, नातू कडेवर घेऊन. खिडकीवरून जाताना तिने पोराच्या डोक्यावरची टोपी सारखी केली. ती सरळच होती. थोड्या वेळाने बाल्तासारचा जनरेटर सुरू झाला, मग वरच्या आळीतला, मग पाठोपाठ सगळे, आणि खोबण पूर्वीसारखी भरून गेली.

तोरिबिओने टाकीत पेट्रोल ओतलं, हात धुतले आणि आत येऊन तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. त्याला त्या दिवसापासून कोणी मेस्त्रो म्हटलं नाही. ते तेव्हाच दोघांना माहीत झालं होतं. मशीन चाललं होतं. हवा थंड आणि पातळ येत होती. तिने ती पोटभर घेतली आणि मगच बोलली.

"तू गेला असतास, तर मी बसले असते. दोन तास."

त्याने कानामागे हात धरला, मग मागच्या खिडकीकडे बोट केलं. "काय म्हणालीस? ऐकू येत नाही."

तिने ते परत म्हटलं नाही.